मोहदरी फाट्यावर कुणी विचारलं तर

१७ नोव्हेंबर २०२५, सोमवार

पोचले एकदाची. तासगावहून निघून सोलापूर आणि नांदेडला गाडी बदलत पुसदपर्यंत सोळा तास. तिथून दिग्रसकडे जाणारी काळीपिवळी जीप मिळाली आणि तिने मला मोहदरी फाट्यावर उतरवलं. कंबरेचा काटा ढिला झालाय, तरी मी खूश आहे. हे पहिल्याच पानावर लिहून ठेवते, म्हणजे पुढे कुरकुर करायला लागले की स्वतःलाच वाचून दाखवता येईल.

इथला भूगोल अगदी सोपा आहे. फाट्यावर तीन रस्ते भेटतात. एक पुसदचा, एक दिग्रसचा, एक मोहदरी गावात जाणारा. माझी खोली मोहदरीत, फाट्यापासून एक किलोमीटर आत. कॉलेज दिग्रसच्या रस्त्यावर चार किलोमीटरवर, चहूकडून कापसाची आणि तुरीची शेतं. म्हणजे रोज जाताना एकदा आणि येताना एकदा फाटा ओलांडायचा.

न्यायला डोमाजी आले होते. प्रयोगशाळेतले जुने परिचर, दोन वर्षांनी निवृत्त होतील. खोली त्यांच्याच घरामागची. भिंती आकाशी, पंखा नवा, दोन खिडक्या. त्यांच्या बायकोने, कौसल्याकाकूंनी, भाकरी आणि मुगवड्यांची रस्साभाजी वाढली आणि मी तिसरी भाकरी नको म्हटल्यावर आजारी आहेस का म्हणून विचारलं. भाजी इतकी तिखट होती की उत्तर डोळ्यांतूनच आलं.

ममताताईला फोन केला. निकी झोपली होती. सहा वर्षांची पोर मावशीकडे ठेवून पाचशे किलोमीटरवर येणारी आई म्हणून मला लोक काय म्हणत असतील ते म्हणोत. तिचे बाबा गेल्यापासून तीन वर्षं मी तासिकांच्या नोकऱ्या करत फिरते आहे. हा प्रकल्प पुरता दोन वर्षांचा आहे. २४ डिसेंबरला निकी सुटीत इथे येईल आणि तिला आवडलं तर जूनपासून इथलीच शाळा. दोघींचं एक घर. त्यासाठीच आले आहे.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आज जाळं बघितलं. माझ्या आधीच्या प्राध्यापकांनी प्लायवूडच्या मोठ्या टेबलावर मांडलेलं आहे. चौदा केबली, टीव्हीच्या डिशला असते तशा जातीच्या पण महागातल्या, आणि त्यांना जोडणारे पितळी टी-सांधे. एका टोकातून सूक्ष्मलहरी सोडायच्या आणि परत काय येतं, दुसऱ्या टोकाला काय निघतं ते यंत्रावर मोजायचं. इलेक्ट्रॉनसारखा कण नुसत्या वाटा आणि सांधे असलेल्या जाळ्यात कसा पसरेल, ते कागदावर सोडवणं भारी कठीण. केबलीतली लहर त्याच गणिताने चालते, म्हणून त्याच्याऐवजी ही. निकीला मी सांगितलंय की आई पाण्याचे नळ जोडते.

डोमाजींना विज्ञान नको, पण जाळं तोंडपाठ आहे. सांध्यांना ते फाटेच म्हणतात आणि प्रत्येकावर चिकटपट्टी लावून नावं लिहिली आहेत. आर्णी, दारव्हा, उमरखेड, महागाव. मी हसले तर म्हणाले, नंबर भुलते माणूस, गाव नाही भुलत.

तिन्ही केबली सारख्या असल्या की सांध्याचा हिशेब ठरलेला आहे. आलेल्या लहरीचा नववा हिस्सा आल्या वाटेने माघारी फिरतो. उरलेले आठ नवमांश पुढच्या दोन वाटांत निम्मेनिम्मे. लहर निवड करत नाही. ती तिन्हीकडे जाते. पुढच्या सांध्यावर पुन्हा तेच. चार-पाच सांध्यांनंतर कुठल्याही एका केबलीत मूळची फारशी उरलेली नसते. डोमाजींना हे सांगितलं तेव्हा ते एकदम उठून चहा आणायला गेले.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

फाट्यावर बाभळीखाली रुपीबाईंची चहाची टपरी आहे. साठीच्या, तांड्यावरच्या, हातात कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या. चहा फर्मास करतात. पण एक खोड अशी की जीव नकोसा होतो. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला विचारणार, कुठं चाल्ले? आणि प्रत्येकजण थांबून, नीट गावाचं नाव घेऊन उत्तर देणार. सायकलवाला एक पाय टेकवून दिग्रस म्हणतो. जीपवाला काचेतून पुसद म्हणतो. काल एक वरात चालली होती, तर नवरदेवानेसुद्धा बाशिंग वर करून सांगितलं.

आमच्या घरात बाहेर पडताना कुणी कुठे विचारलं की आई कपाळाला हात लावायची. काम मोडलंच समज, म्हणायची. मग आत येऊन चप्पल काढायची, घोटभर पाणी प्यायचं, पुन्हा निघायचं. आई गेली पण ते माझ्या अंगात मुरलंय. बीएस्सीच्या परीक्षेला एका शेजारणीने विचारलं म्हणून मी परत फिरले होते आणि पेपरला वीस मिनिटं उशिरा पोचले होते. पदार्थविज्ञानात डॉक्टरेट घेऊनही हे जात नाही, त्याला मी काय करू.

म्हणून मी रुपीबाईंना रोज म्हणते, जाते अशीच, इकडेच जरा. त्या थांबतात, वाट बघतात आणि मग माझ्या वतीने स्वतःच मोठ्याने बोलतात, मास्तरीनबाई कॉलेजात चालल्या. संध्याकाळी, मास्तरीनबाई मोहदरीले चालल्या. सगळी टपरी माना डोलावते. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

१ डिसेंबर, सोमवार

काल निकीला ताप होता. फोनवर आई, ये, आई, ये एवढंच म्हणत राहिली. सकाळी फाट्यापर्यंत चालत आले ते तिचाच विचार करत. पुसदची जीप उभी होती. वाटलं, मुकाट्याने बसावं, उद्या सकाळी तासगाव. पण यंत्र तपासायला माणूस येणार होता. तशीच दोन मिनिटं मधोमध उभी राहिले.

तेवढ्यात रुपीबाई, कुठं चाल्ले?

माझा तोल गेला. चारचौघांत म्हणाले की तुम्हाला काय करायचंय, मला रोज विचारू नका आणि माझ्या वतीने कुणाला सांगूही नका, मी कुठेही जाईन. त्यांचं तोंड एवढंसं झालं. बरं म्हणाल्या आणि चहा गाळत राहिल्या. मी दिग्रसची जीप धरून कॉलेजला गेले.

संध्याकाळी येताना त्यांनी विचारलं नाही. मान खाली घालून भांडी घासत होत्या. मला वाईट वाटलं, पण सुटल्यासारखंही झालं. उद्या गोड बोलेन.

आज फार दमले आहे. काही न करता.

२ डिसेंबर, मंगळवार

सकाळीही रुपीबाई काही बोलल्या नाहीत. माझंही गोड बोलायचं राहून गेलं.

कॉलेजच्या हजेरी यंत्रावर अंगठा उठेना. सात वेळा लावला. कारकून म्हणाला, थंडीने होतं, तेल लावा. जीपवाल्याला दोनदा हात केला, तो थांबलाच नाही, सरळ गेला. शेवटी चार किलोमीटर चालत फाट्यावर आले. परतताना कुणीच काही विचारलं नाही.

संध्याकाळी निकीला फोन केला. ताप उतरलाय. आवाज छान होता, हसत होती. मी काय करतेस विचारलं तर म्हणाली, आई, तू न्हाणीतून फोन का करतेस, बाहेर ये ना, मी दार वाजवते.

मला वाटलं खेळतेय. मागे दार वाजवल्याचा आवाज आला. मग कुणीतरी आले गं म्हणालं आणि फोन बंद झाला.

तो आवाज ममताताईचा नव्हता.

३ डिसेंबर, बुधवार

सकाळी कौसल्याकाकूंनी विचारलं की सोमवारी कॉलेजात गेली होतीस की नव्हती. म्हटलं, गेले होते की. त्या म्हणाल्या, मग निघाल्यावर अर्ध्या तासात परत कोण आलं? खाटेवर बसली होतीस, मी चहा दिला तं पेला हातात घेतला नाही, बोलली नाही, दुपारी उठून पुन्हा फाट्याकडे गेलीस.

डोमाजी अंगणात सुतळी वळत होते. त्यांच्या हातातली सुतळी थांबली. त्यांनी मला विचारलं की रुपीबाईले तुम्ही काय म्हणल्या होत्या, मॅडम. मी सांगितलं. त्यांनी सुतळी बाजूला ठेवली.

मग बोलले. हा एवढा एकच फाटा तसा आहे. आजे-पणजे सांगत आले, इथून नाव घेऊन निघावं लागते. कुणी विचारावं लागते आणि आपण एका गावाचं नाव घ्यावं लागते, नाही तं माणूस तिकून बी जाते, इकून बी जाते. रुपीबाईंच्या आधी त्यांची सासू तिथे बसायची. चहा नंतरचा. विचारणं आधीचं.

मी हसायचा प्रयत्न केला. डोमाजी हसले नाहीत. त्यांचा थोरला भाऊ पुंडलिक एकोणीस वर्षांचा असताना भांडून घरातून निघाला आणि फाट्यावर म्हाताऱ्या बाईला शिवी देऊन गेला. दोन महिने दिग्रसच्या कापसाच्या जिनिंगमध्येही तोच, पुसदच्या बाजारातही तोच. मग एका सोमवारी दोन्हीकडून एकाच वेळी फाट्यावर आला. डोमाजींनी ते डोळ्यांनी पाहिलं आहे, तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. दोघं एकमेकांजवळ आले. डोमाजी म्हणाले, दोन होते तं एकही नाही राह्यला, मॅडम. चप्पलाबी नाही राह्यल्या.

४ डिसेंबर, गुरुवार

मला रडू येण्याआधी हिशेब करता येतो, ही माझी जुनी सवय.

सोमवारी सकाळी पहिली ओलांडणी. नवमांश माघारी खोलीत. चार नवमांश पुसदकडे. चार नवमांश कॉलेजकडे, ती मी. संध्याकाळी दुसरी. मंगळवारी दोन. काल मी फाट्यावर गेलेच नाही. चार वेळा चार नवमांश. दोनशे छप्पन्न भागिले सहा हजार पाचशे एकसष्ट.

शंभरात चारसुद्धा भरत नाही. हे लिहिणारी मी तेवढी आहे.

मधले बारके वाटे कुठे विरले कोण जाणे, पण सगळ्यात मोठा वाटा सोमवारी सकाळी पुसदच्या जीपमध्ये बसला. तिला यंत्राची पर्वा नव्हती. ती निकीकडे गेली. खरं तर मला तेच करायचं होतं.

माझ्या केबलीतल्या लहरीला कुठे चाललीस विचारलं तरी तिला फरक पडत नाही. पण खऱ्या कणाला विचारलं, कुठल्या वाटेने गेलास ते बघितलं, की तो एकाच वाटेवर सापडतो. वर्गात हे मी पंधरा वर्षं शिकवते आहे. आणि विचारणारीला मीच गप्प बसवलं.

आज फाट्यावर गेले. रुपीबाईंचे पाय धरले. त्यांनी उठवलं, तोंडावरून हात फिरवला, विचारलं. मी कॉलेज म्हटलं. संध्याकाळी मोहदरी म्हटलं. त्यांना दोनदा कान द्यावा लागला. डोमाजी म्हणाले आता आणखी फुटणार नाही, पण गेलेलं परत येत नाही.

६ डिसेंबर, शनिवार

ममताताईने फोन उचलला. मी म्हटलं, ताई, मी प्रेरणा. ती म्हणाली, प्रेरणा माझ्यासमोर बसून निकीची वेणी घालते आहे. मी आमच्या लहानपणीच्या गोष्टी सांगितल्या. विहिरीत पडलेली तिची कानातली, बाबांची शिट्टी. ती घाबरली. तिला वाटलं, ही ती नवी फसवणूक, आवाज चोरून फोन करतात ती. तिने मागे कुणाला तरी सांगितलं, बघ गं, तुझ्याच नंबरवरून, तुझ्याच आवाजात. आणि ती दुसरी म्हणाली, ठेव ताई, पैसे मागतील.

मी असते तरी हेच म्हणाले असते.

नंतर नंबर लागेना. डोमाजींनी स्वतःच्या फोनवरून केला. मोहदरीहून म्हटल्यावर तिकडून ठेवून दिला.

९ डिसेंबर, मंगळवार

जाळ्यावर करून बघितलं. एकच लहर दोन वाटांनी नेली आणि एका सांध्यावर समोरासमोर आणली. वाटांची लांबी जुळली तर दोन्ही मिळून वाढतात. एक वाट अर्ध्या लहरीने लांब असली तर तिसऱ्या केबलीत काही नाही. यंत्राच्या पडद्यावर सपाट रेघ.

तासगावची वाट किती लांब, आणि माझी किती? कुणाला मोजता येईल? डोमाजींना म्हटलं, कधी कधी जुळतात, वाढतात. ते म्हणाले, आमच्या फाट्यावर कधी वाढलेलं कोणी पाह्यलं नाही. तीन माणसं गेली असं त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं.

म्हणजे तिची माझी गाठ पडता कामा नये.

आणि ती २४ तारखेला निकीला घेऊन इथे येणार आहे. मला माहीत आहे, कारण मीच ठरवलं होतं. तिला वाटतं ती तीन आठवड्यांची रजा टाकून पोरीच्या तापासाठी गेली आणि आता नोकरीवर परत येते आहे. घर करायला.

१४ डिसेंबर, रविवार

कौसल्याकाकू माझं ताट वाढायला विसरतात. मग जीभ चावतात. त्यांचा काही दोष नाही.

पेन कागदावर जोरात दाबावं लागतं. पाठीमागच्या पानावर उमटतंय, पण पुढून फिकं.

आरशात मी आहे. फक्त लक्ष देऊन बघावं लागतं.

निकीचा आवाज ऐकून बारा दिवस झाले. मला भीती मरायची नाही. निकीला कुणीच उरणार नाही याची आहे. बाबा नाहीत. आता आई दोन आहेत, आणि त्या भेटल्या की एकही नाही.

१९ डिसेंबर, शुक्रवार

ठरलं.

मी जाते. ती मोठी आहे, भरलेली आहे, निकीच्या हाताला लागते. निकीची आई ती. मी दिग्रसचं नाव घेऊन निघेन, तिथून पुढे यवतमाळ, तिथून कुठेही. ती खोलीत राहील, जाळं चालवील, निकीला शाळेत घालील. तिला कधी कळणारसुद्धा नाही. कौसल्याकाकूंनी तोंडाला पदर लावला. मी त्यांना म्हटलं की भाजी तिला थोडी कमी तिखट करा.

डोमाजी २४ ला पुसदच्या स्टँडवर जाऊन तिला गाठतील, समजावतील, नाव घ्यायला लावतील. रुपीबाई फाट्यावर असतीलच. ती बोलली नाही तर तिच्या वतीने मोहदरी म्हणतील.

सगळं नीट होईल. हे मी लिहिते आहे. विश्वास नाही.

२३ डिसेंबर, मंगळवार

निघायला हवं होतं आज. बॅग भरली. उचलेना. बॅगेतले कपडे काढले, नुसती वही ठेवली, तरी —

उद्या पहाटे. नक्की.

निकीची खाट आली दुकानातून. लहान, निळी. डोमाजींनी खिडकीपाशी लावली. मी हात लावला. गार होती.

२४ डिसेंबर, बुधवार. सकाळी ९

फाटा ओलांडला. दिग्रस म्हटलं. रुपीबाईंनी वाकून कान माझ्या ओठांपाशी आणला तेव्हा ऐकू गेलं. त्यांनी ते मोठ्याने म्हटलं. डोळे पुसले. त्यांच्या हातच्या चहाची वाफ लागली, चव नाही लागली.

जीपा थांबत नाहीत. चालत कॉलेजपर्यंत आले. सुटी आहे, शुकशुकाट. डोमाजींची किल्ली माझ्याकडे होती. टेबलापाशी टेकले जरा.

इथे थांबायचं नाही. दिग्रस गाठायचंय.

फक्त निकी पोचली एवढं ऐकते. मग जाते. एवढंच.

११.४०

डोमाजींचा फोन. ते स्टँडवर पोचायच्या आधीच नांदेडची गाडी लागली होती. ती उतरून जीपने निघालीसुद्धा.

रुपीबाई आहेत. रुपीबाई विचारतील.

१२.१०

रुपीबाईंचा फोन. रडत होत्या, शब्द जुळवून घ्यावे लागले.

त्यांनी विचारलं, कुठं चाल्ले. ती जीपमधून उतरतानाच कडाडली, तुम्हाला त्या दिवशी सांगितलं होतं ना, विचारायचं नाही. रुपीबाई तरी मोहदरी म्हणाल्या. ती मोठ्याने म्हणाली, नाही, माझ्या वतीने बोलायचं नाही, मी कुठेही जाईन.

माझेच शब्द. तिच्यासाठी अजून १ डिसेंबरच आहे.

मग रुपीबाई निकीपाशी बसल्या. तिची हनुवटी धरून विचारलं, कुठं चालली, माय? निकी म्हणाली,

आईबरोबर.

रुपीबाई म्हणत होत्या, मास्तरीनबाई, आता मी कोन्या गावाचं नाव घेऊ? कोन्या गावाचं घेऊ? आई तं —

१२.२५

कौसल्याकाकू. पोचल्या गं तुम्ही दोघी, पोर लय दमली, बोलत नाही, निळ्या खाटेवर बसली आहे.

डोमाजी. मॅडम, तुम्ही अन् पोरगी परत स्टँडवर बाकड्यावर — पोरगी ओळखू येत नाही — अंगातून उजेड पलीकडचा दिसून राह्यला —

निकी. माझी निकी. तीन ठिकाणी.

नाही, तीन नाही — दोन मोजल्या. तिसरी —

खिडकीतून रस्ता दिसतो. जीपमधून उतरलेली एक बाई आणि एक लहान पोर. पिवळा स्वेटर. मी विणलेला.

इकडेच.

१२.३०

कडी लावली आतून. पळायला मागचं दार नाही.

ती तिला जाळं दाखवायला आणते आहे. आईचे नळ. मीही आधी तेच केलं असतं.

पावलं. निकी पुढे धावते नेहमी. दार वाजवते आहे. विचारते आहे, आई, आत कोण आहे गं — मागे बघून — तिला —

हाक मारावीशी वाटते. तोंडावर हात दाबून धरलाय. एका हाताने लिहि —

गप्प राहिले तर ती कडी हलवेल. उघडणार नाही. मग जाईल.

जाईल का? मी गेले असते का?

नाही. मी पोरीला तिथेच थांब म्हटलं असतं आणि मागून खिडकीकडे आले असते.

खिडकी उघडी आहे —

उठून लावायला हवी. पण मी ज्या क्षणी हात पुढे करीन त्याच क्षणी तिचाही —

निकी, डोळे मिट, बाळा, इकडे नको ब